लाल चिंधी म्हणजे यीस्ट

मीच सांगते, नाहीतर आमची शेजारीण जमुना तिखटमीठ लावून सांगेल. देवराजला गाडीचं लायसन मिळालं ते माझ्यामुळे. आणि त्याच दिवशी तो रडवेला झाला, तोही माझ्यामुळेच.

देवराज पोर्ट लुई शहरातल्या एका दुकानाचा माणूस. मैदा, यीस्ट, मार्गारीन, आयसिंग शुगर, केकला लागणारं सगळं घरपोच द्यायचा. बहात्तर साली तो पहिल्यांदा आमच्या लॉंग माउंटन गावात आला तेव्हा सायकलवर पत्र्याची पेटी बांधलेली, आणि सदरा मैद्याने पांढरा झालेला. त्याआधी यीस्टच्या एका पुडीसाठी बस धरून शहरात जावं लागे, अर्धा दिवस मोडायचा. हौस तर आम्हा सगळ्यांना दांडगी. तेलाचा डबा कापून केलेला ओव्हन, खाली-वर निखारे, पण त्यातून गातो असा फुगून यायचा की काय सांगू. गातो म्हणजे केकच, आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात.

पण देवराज यायचा बुधवारी सकाळी, आणि तेव्हा आम्ही बायका उसात. घरी असणार कोण? मग मी शक्कल काढली. फाटकाला चिंधी बांधायची. लाल म्हणजे यीस्ट, पांढरी म्हणजे मैदा, पिवळी म्हणजे मार्गारीन, निळी म्हणजे आयसिंग शुगर. चिंधी दिसली की देवराजने थांबायचं, फाटकामागच्या डब्यात सामान ठेवायचं आणि पुढे जायचं. दोन वर्षांत सगळ्या गावाने ही पद्धत उचलली, पार पेती राफ्रे गावापर्यंत पोचली. पुढे सायकल गेली, फटफट करणारी मोबिलेत, म्हणजे इंजिन लावलेली सायकलच, आली, पण चिंध्या त्याच राहिल्या.

पंच्याऐंशी साली दुकानाच्या मालकाने व्हॅन घेतली आणि फोनवर ऑर्डरी घ्यायला लागला. आमच्या रस्त्यावर फोन मोजून तीन, पण हवा मात्र फोनचीच. मालक देवराजला म्हणाला, "गणपतीच्या आत लायसन काढ. नाही जमलं तर व्हॅनवर दुसरा माणूस ठेवीन."

आता देवराज गाडी काही वाईट चालवत नव्हता. शिकला होता पंधरा दिवसांत. पण परीक्षा घेणारा पोलीस साहेब त्याला नेमका आमच्याच रस्त्याने न्यायचा. पहिल्या खेपेला जमुनाच्या फाटकावर लाल चिंधी होती. देवराजने मधेच ब्रेक मारला. साहेबाचं डोकं काचेला लागता लागता वाचलं. "का थांबलास?" तर हा म्हणतो, "इथे यीस्ट हवंय." नापास. दुसऱ्या खेपेला कुणाचा तरी पिवळा शर्ट कुंपणावर वाळत होता. तिथेही थांबला. तेरा वर्षांची सवय, पाय आपोआप ब्रेकवर जायचा. पुन्हा नापास.

मला असा राग आला म्हणता! त्याचा नाही, आमचाच. गणपती आठवड्यावर आले, तिसरी आणि शेवटची परीक्षा सोमवारी, आणि आम्ही फाटकांवर चिंध्या फडकावत बसलोय. रविवारी मी पदर खोचला आणि घरोघर फिरले. "उद्या फाटकावर एक सूत जरी दिसलं तर गाठ माझ्याशी आहे," असं प्रत्येकीला बजावलं. वाळत घातलेले कपडे आत. लेकरांचे लंगोट आत. कोपऱ्यावरची इंद्राणी म्हणाली, "मावशी, पायपुसणं पण?" म्हटलं, "हो, पायपुसणं पण."

सोमवारी मी आणि जमुना कुंपणाच्या आड दबा धरून बसलो. गाडी आली. देवराज मान वळवून या फाटकाकडे बघतोय, त्या फाटकाकडे बघतोय. थांबला नाही. आमच्या दारावरून गेला, वळणावरून गेला, दिसेनासा झाला. जमुनाने मला मिठीच मारली. आम्ही धावत घरात गेलो आणि गातो करायला घेतला.

संध्याकाळी देवराज आला. हातात कागद, आणि तोंड एवढंसं.

"पास झालो, चंद्रावती वहिनी," तो म्हणाला.

"मग सुतक असल्यासारखा काय उभा आहेस? बस, गातो खा."

तो बसला नाही. म्हणाला, "इथपासून तिथपर्यंत एकही चिंधी नव्हती आज. एकही. सगळ्यांनी फोनच धरला ना आता? लायसन मिळालं खरं, पण थांबायला फाटकच उरलं नाही."

मग मी सगळं सांगितलं, रविवार, लंगोट, पायपुसणं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली. पण मला कळलं, त्याला वाटलं मी मन राखायला बोलतेय. गातोचा तुकडा हातात तसाच धरून निघून गेला.

मी त्या रात्री झोपले नाही. मंगळवारी पुन्हा पदर खोचला.

बुधवारी उसात गेलेच नाही. दहाच्या सुमाराला नवी पांढरी व्हॅन वळणावर आली आणि तिथेच थांबली. कारण तिथून आमच्या दारापर्यंत एकही फाटक रिकामं नव्हतं. लाल, पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या. फोनवाल्या तिन्ही घरांनीसुद्धा बांधल्या होत्या. इंद्राणीने तर पायपुसणंच टांगलं होतं. देवराज एकेका फाटकाशी उतरत, सामान ठेवत आला. आमच्या दारी पोचायला त्याला दीड तास लागला, आणि मी तो सगळा वेळ उभी होते.

माझ्या फाटकावर चारही रंग होते. तो डोळे पुसत म्हणाला, "वहिनी, एवढं सगळं हवंय?"

घरात मैद्याची गोणी अजून उघडायची होती, यीस्टचा डबा काठोकाठ भरलेला होता.

"काही नकोय," मी म्हटलं. "तू थांब तेवढा."