नव्या इंजिनात जिला जागा नव्हती ती नळी

माझ्या आजोबांचं शेवटचं वर्ष मी नासवलं.

खरं बोलून.

आबा परवा गेले. आज सकाळी राख सावडून आलो. घरात माणसं आहेत, मी मागच्या खोलीत बसून हे लिहिते आहे.

तुमच्यापैकी बरेच जण आबांना ओळखता. अकोल्यातले जुने मिस्त्री. शाळा चौथीपर्यंत, पण इंजिनाचा आवाज ऐकून कुठलं सिलिंडर मार खातंय ते सांगायचे.

मी मेकॅनिकलला गेले ती त्यांच्यामुळे. घरातली पहिली ग्रॅज्युएट. निकालाच्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले आणि वर मला विचारलं, "इंजिनेरबाई, आमचं ग्यारेज पास का नापास?"

त्यांची एक गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

साठच्या दशकातली. अमरावतीच्या एका वकीलसाहेबांकडे जुनी अमेरिकन गाडी होती. प्रचंड मोठी, आणि पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. तेव्हा आबांनी पैज लावल्यासारखं सांगितलं, की हिच्यात नवं डिझेल इंजिन बसवून देतो.

लोक हसले.

आबांनी तीन आठवडे घेतले. चासीवर नवे माउंटिंग वेल्ड केले, पुढचा पत्रा कापला, बॉनेट बसेना म्हणून तेही ठोकून उंच केलं. गाडी सुरू झाली तेव्हा धूर आणि धडधड एवढी की शेजारी म्हणाले, मिस्त्रीनं पिठाची गिरणी चालू केली.

त्या गाडीवर ड्रायव्हर होते नामदेव आजोबा. आबांचे सख्खे धाकटे भाऊ.

अकोला ते अमरावती दोघांनी चाचणी घेतली. गाडी झकास पळाली. ब्रेक थोडा जड लागतो, असं नामदेव आजोबा म्हणाले होते. आबांनी त्यांना चिडवलं, की तुझ्या पायात जीव नाही, बायकोला म्हणावं भाकरी वाढव.

आपल्याकडचा रस्ता सपाट. ब्रेकची खरी परीक्षा तिथे होतच नाही.

पुढच्या महिन्यात नामदेव आजोबा वकिलांच्या घरच्यांना चिखलदऱ्याला सोडून एकटेच परत निघाले. परतवाड्याच्या अलीकडे, घाटातल्या वळणावर गाडी खाली गेली.

रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती. म्हणजे ब्रेक मारलाच नाही. म्हणजे पिऊन होता.

असं सगळे म्हणाले. पंचनाम्याला आलेले म्हणाले, वकील म्हणाले, पणजी म्हणाली.

आबाही म्हणाले.

गिरजा आजी, नामदेव आजोबांची बायको, तेव्हा वीस वर्षांची होती. ती बाळापूरला माहेरी गेली, आणि दारुड्याची बायको म्हणून तिथेच राहिली. आबांनी मात्र तिला कधी अंतर दिलं नाही. दिवाळीला लुगडं, आजारपणात डॉक्टर, सगळं केलं.

गेल्या दिवाळीत मी सुट्टीला घरी होते. आबा पुन्हा त्या इंजिनाची गोष्ट सांगत होते आणि मी शहाणपणाने मध्येच विचारलं, जुन्या इंजिनातून ब्रेकच्या डब्याकडे एक रबरी नळी जात असेल, ती कुठे जोडली?

"ती? ती बुजवली. लाकडाची खुट्टी मारली, वरून तार आवळली. नव्या इंजिनात तिले जागाच नोयती."

मला तिथेच थांबता आलं असतं.

पण मला येत होतं ना. मी वही काढली. चित्र काढलं. पेट्रोल इंजिन हवा ओढतं, ती ओढ या नळीतून ब्रेकला जोर देते. डिझेल इंजिनात ती ओढ नसते. मग ब्रेक नुसत्या पायाच्या ताकदीवर, कितीही दाबला तरी चाक जाम होत नाही, रस्त्यावर खूण उमटत नाही. सपाटीला चालून जातं, पण एवढं वजन घेऊन उतारावर...

वाक्य अर्धं झाल्यावर मला कळलं मी काय सांगते आहे.

आबा चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे त्यानं दाबला असंन. दोन्ही पायानं दाबला असंन."

मी म्हटलं, आबा, तेव्हा इथे कोणाला माहीत होतं हे. ते म्हणाले, "मले इचारता आलं असतं."

त्यानंतर ते गॅरेजच्या बाजूला गेलेच नाहीत. जेवण तुटलं. दोनदा मला घेऊन एस.टी.ने बाळापूरला गेले, गिरजा आजीला सांगायला. दोन्ही वेळा तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, चहा घेतला आणि उठले.

येताना म्हणाले, "तिनं चहात साखर जास्त टाकली, मले आवडते म्हून. काय सांगू माय मी तिले?"

तिसऱ्यांदा जायचं ठरलं होतं. मी म्हटलं, ऑफिसातून सुट्टी मिळाली की जाऊ.

आज गिरजा आजी आली. आबांच्या फोटोसमोर हात जोडून म्हणाली, की भासऱ्यानं, म्हणजे थोरल्या दिरानं, मला बापासारखं सांभाळलं.

मी तिला मागच्या खोलीत आणलं आणि सगळं सांगितलं. नळी, खुट्टी, तार, माझी वही.

ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "म्हंजे ते पेऊन नोयते?"

मी म्हटलं, नाही आजी.

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

मग म्हणाली, "ज्याईनं ज्याईनं म्हटलं ते सारे मेले. आता हे मी कोनाले सांगू वं?"

 

जाताना तिने माझ्या फोनकडे बोट दाखवलं. "तू शिकलेली हायेस. तू लिव."

म्हणून लिहिलं. अकोल्यात, अमरावतीत, परतवाड्यात कुणाच्या घरात तो ड्रायव्हर पिऊन घाटात गेला अशी गोष्ट सांगत असतील, तर कृपा करून आजपासून सांगू नका.

नामदेव आजोबा शुद्धीत होते. ते ब्रेक दाबत होते.

आबा, तुमचं राहिलेलं सांगून झालं. मला हलकं वाटत नाहीये. तुम्ही मात्र आता निघा.

दोघा भावांना नमस्कार.