आंब्याचा तुकडा कोणता?

सौदीतल्या अल खर्जमध्ये मैमुनाला ओळखणारी माणसं मोजकीच, आणि ती सगळी तिच्या हातचं जेवलेली. तिचे यजमान हुसेनमियाँ तिथल्या एका डेअरी फार्मच्या वर्कशॉपात मेकॅनिक. लग्नानंतर वर्षभरातच त्यांनी तिला दाभोळहून इकडे आणलं, त्याला तेहेतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती गाडी चालवायला शिकली नाही की अरबीतही ‘खलास’ आणि ‘यल्ला’च्या पुढे गेली नाही. पण शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की फार्मवरची कोकणातली पाच-सहा एकटी राहणारी माणसं तिच्या दारात चपला काढायची. तांदळाची भाकरी, सुरमईचं सालन, कधी वडे आणि मटण. माणसं बदलत गेली, कोणी कायमचं गावी परतलं, कोणी नवं आलं. शुक्रवारचं जेवण कधी चुकलं नाही.

मुलगा नबील रियाधला, ओलाया भागातल्या एका बँकेत. शुक्रवारी तोही बायको समरीन आणि सात वर्षांची उमामा यांना घेऊन तासाभराच्या रस्त्याने यायचा.

त्या शुक्रवारी उमामाच्या हातात चॉकलेटचे दोन बार होते. एक घरात वर्षानुवर्षं येणारा, आत खोबरं असलेला. मैमुना दर सुट्टीला गावी न्यायच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये तेच बार खोचायची. दुसरा त्याचाच नवा प्रकार, आंब्याच्या चवीचा. येताना गाडीत त्याचा एक कोपरा खाऊन झालेला होता.

जेवणं आटोपून पाहुणे गेले, तेव्हा उमामाने खेळ मांडला. डोळे मिटायचे, दोन तुकडे खायचे आणि आंब्याचा कोणता ते सांगायचं. नबीलने ओळखला. हुसेनमियाँनी तर तोंडात घालायच्या आधीच ओळखला.

“अब दादी,” उमामा म्हणाली. “चीटिंग नहीं करना.”

मैमुनाने पहिला तुकडा चघळला, मग दुसरा. जरा वेळ घेतला.

“दोन्ही खोबऱ्याचेच तर आहेत,” ती म्हणाली.

सगळे हसले. “अगो, तुझा बाप आंब्याच्या बागा घ्यायचा,” हुसेनमियाँ म्हणाले. “पेटीतल्या पेंढ्याचा वास घेऊन आत किती आंबे पिकले ते सांगायचीस तू!”

“तुमच्या ह्या कागदातला आंबा म्हणजे काय आंबा?” मैमुना म्हणाली आणि तीही हसली.

समरीन मात्र हसली नाही. रियाधपासून इथपर्यंत त्या उघड्या बारच्या वासाने गाडी भरून गेली होती. वैतागून तिने काच खाली केली होती. तो आंबा खरा नसेल, पण न ओळखण्याइतका फिका नक्कीच नव्हता. मग तिला एकेक आठवायला लागलं. पूर्वी मुठीने मसाला टाकणारी सासू हल्ली चमचे मोजून टाकते. कांदा परतायला ठेवला की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसते. नुसता चहा केला तरी उठून सिलिंडरचा कॉक बंद करते, पुन्हा दहा मिनिटांनी उघडते.

ती स्वयंपाकघरात गेली. मैमुना पातेलं घासत होती.

“अम्मी, तुम्हाला वास येत नाही ना?”

मैमुनाचा हात थांबला नाही. “कोण म्हणालं?”

“कधीपासून?”

मैमुनाने नळ बंद केला. “कोरोनाचा ताप आला तेव्हापासून,” ती म्हणाली. “तुमचं सगळ्यांचं नाक महिन्याभरात परत आलं. माझं नाही आलं. खारट, आंबट, गोड, तिखट तेवढं जिभेला कळतं. बाकी सगळं नुसतं गरम नाहीतर गार.”

“तीन वर्षं? आणि अब्बांनाही सांगितलं नाहीत?”

“काय सांगू? इथे मला कोण ओळखतं, बाय? जेवायला येतात म्हणून ओळखतात. स्वयंपाक करणारीलाच चव नाही म्हटल्यावर कोण येईल?” तिने पातेलं पालथं घातलं. “तू कोणाला बोलू नकोस.”

“बोलणार,” समरीन म्हणाली. “घरात गॅस आहे, अम्मी. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.”

मैमुनाला राग आला. पुढचे चार दिवस तिने समरीनचा फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी स्वतःच केला आणि शुक्रवारी लवकर ये म्हणाली.

शुक्रवारी सगळे जेवायला दस्तरखानाभोवती बसल्यावर तिने भाकऱ्यांची टोपली मध्ये ठेवली आणि उभ्यानेच सांगून टाकलं. हुसेनमियाँनी हातातला घास परत ठेवला. पाहुण्यांतला म्हसळ्याचा इसहाक तेवढा खाली मान घालून म्हणाला, “चाची, एक सांगू? मागच्या वर्षी दोनदा सुरमई जरा उतरलेली होती.”

“आणि तू खाल्लीस?”

“सगळ्यांनी खाल्ली.”

“मग तोंड शिवलं होतं का तुमचं?”

“तुमच्या हातून कधी काही बिघडलं नव्हतं,” इसहाक म्हणाला. “मला वाटलं, माझीच जीभ बिघडली.”

मैमुनाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. पदराने तोंड पुसत ती आत निघून गेली. हुसेनमियाँ हात न धुताच तिच्या मागोमाग गेले. ते आत काय बोलले ते कोणी ऐकलं नाही, पण बाहेर आले तेव्हा त्यांनी सगळ्यांना जेवायला लावलं.

नबीलने तिला रियाधच्या डॉक्टरांना दाखवलं. वास कदाचित थोडा परतेल, कदाचित नाही, असं ते म्हणाले. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी अशा चार बाटल्या सकाळ-संध्याकाळ हुंगायला दिल्या. हुसेनमियाँनी गॅस गळला तर वाजणारं यंत्र ओट्याच्या बाजूला बसवलं.

सहा महिन्यांनी एका सकाळी तिला लवंग जाणवली, पण ती लवंगेसारखी नव्हती, जळक्या रबरासारखी होती. तरी तिने समरीनला फोन करून सांगितलं. खोबरं अजून येत नाही. मासळीही नाही.

आता मासळी हुसेनमियाँ हुंगून आणतात आणि इसहाक शुक्रवारी तासभर आधी येऊन सालन चाखतो. तो म्हणतो कोकम कमी आहे, मैमुना म्हणते आंबट मला कळतं, बरोबर आहे. यावरून दोघांचं दर आठवड्याला वाजतं.