न्यायला येणारी गाडी

"कार्ड नवराकडे अन् बाई भाऊकडे."

झेरॉक्स काढणारा हे शेजारच्याला हळूच म्हणाला, पण तेवढ्यात मशीन थांबलं आणि वाक्य सगळ्या ऑफिसला ऐकू गेलं. पप्पांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. फुईने ऐकलं की नाही ते कळलं नाही. ती भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत होती. कड्याला चिकटलेला एक पांढरा मठ, खाली ढग.

टूर एजंटचं हे ऑफिस नंदुरबारच्या स्टेशन रोडवर आहे. पप्पा आणि त्यांच्याबरोबर निवृत्त झालेल्या काही जणांनी मिळून दार्जिलिंग, गंगटोक आणि शेवटी भूतान असं ठरवलं होतं. आमची चार नावं होती. पप्पा, आई, मी आणि फुई, म्हणजे पप्पांची मोठी बहीण. भूतानला विमानाने नाही, रस्त्याने जायचं होतं. सीमेवरच्या गावात परमिट काढायचं आणि कमानीतून पलीकडे.

"व्हिसा नही लागस," एजंट समजावत होता. "पण पासपोर्ट नहीतर मतदान कार्ड पाहिजे. तेबी असल, झेरॉक्स नही. आधार आपला आठेच चालस, साहेब. त्या कमाननापलीकडे त्याले कोनी इचारत नही."

फुईकडे पासपोर्ट नव्हता. आधार आणि रेशनकार्ड आमच्या पत्त्यावर होतं. मतदान कार्ड मात्र तिच्या सासरी होतं, धानोऱ्याच्या पुढच्या एका गावात. त्या घरात ती माझ्या जन्माच्या आधीपासून राहत नव्हती.

ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली होती. आखाजीला आमच्याकडे सगळ्याच लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि मग सासरचं कुणीतरी न्यायला येतं. फुईला न्यायला कुणी आलं नाही. भांडण झालं नव्हतं, काडीमोडही नाही. पाऊस सुरू झाला, पेरण्या झाल्या, आणि कुणाकडून तरी कळलं की त्या घरात दुसरी आली. फुई आपली राहिली. आई शाळेत शिकवायची, त्यामुळे मला फुईनेच वाढवलं. माझ्या इंग्रजी शाळेच्या बसपर्यंत ती रोज यायची आणि बस सुटेपर्यंत तोंडावर पदर धरून उभी राहायची. मला वाटायचं तिला रडू येतं. कोपऱ्यावरच्या पथारीवर मिरच्या वाळत असायच्या, त्याचा ठसका लागायचा तिला.

तिकडच्या लोकांना तिची आठवण फक्त ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला यायची. गाव लहान, एकेका मताने सरपंच पडतो. तिचं नाव त्या यादीतून कुणी काढलं नव्हतं, आणि ते काढू न देण्याची काळजी तिचा दीर घेत असे. मतदानाच्या सकाळी त्यांची जीप आमच्या दारात येऊन हॉर्न वाजवायची. फुई तयारच असायची. त्या दिवशी पप्पा मागच्या दाराने बाहेर पडायचे आणि रात्री यायचे. संध्याकाळी जीप तिला परत सोडायची. पुढे कितीतरी दिवस भाकरी थापताना तिच्या बोटावरची शाई मला दिसत राहायची. तिकडे काय झालं, ती सांगत नसे. मीही विचारत नसे. आमच्या घरात विचारण्याचं काम नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

त्या संध्याकाळी पप्पांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "तिचं नाव इकडे आणायचा अर्ज भर. एकदाचं संपव ते." अर्ज, फॉर्म, पोर्टल ही घरातली माझी कामं. मी चांगलं बोलत नाही, पण चांगलं भरते, असं आई म्हणते.

मी फुईला समोर बसवलं. ती वांगी चिरत होती. जुना पत्ता टाकला, नवा पत्ता टाकला.

"आते मत कोठे देवानं मी?" तिने विचारलं.

"इथेच. कोपऱ्यावरच्या शाळेत."

"मंग गाडी?"

"गाडी कशाला? चालत दोन मिनिटं लागतात."

"हां," ती म्हणाली. "जोडेच शे." वांग्याच्या फोडी पाण्यात टाकल्या आणि हात पुसले. मग म्हणाली, "राहू दे ते. कार्डच लई येऊत आपण."

मी तो अर्ज पाठवला नाही. पप्पांना सांगितलं की नवं कार्ड वेळेत यायचं नाही, जुनंच आणावं लागेल. ते खरंही होतं. पप्पा म्हणाले, "मी त्या उंबऱ्यावर जाणार नाही." त्यामुळे मी गेले.

एसटीत फुई खिडकीशी बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा डबा. धानोरा गेल्यावर ती म्हणाली, "बिगर बलायेल जाई ऱ्हायनू."

मला आधी वाटलं ती कुणाशी फोनवर बोलतेय. पण ती माझ्याशीच बोलत होती. लग्नानंतर त्या गावात ती कधी आपणहून गेली नव्हती. दर वेळी कुणीतरी न्यायला आलं होतं. आधी बैलगाडी, नंतर जीप. बाईने न बोलावता जायचं नसतं, एवढा एक नियम तिने इतकी वर्षं पाळला होता, आणि आता एका परमिटसाठी तो मोडत होती. परत फिरूया का, असं मी विचारायला हवं होतं. पण कंडक्टर उतरा म्हणाला.

घर रस्त्यालगतच होतं. ओट्यावर तिचा दीर खुर्ची टाकून बसला होता, आजूबाजूला चार-पाच माणसं. आम्हाला बघून तो मोठ्याने हसला.

"अरे! वहिनी, आज मतदान नही शे!"

सगळे हसले. फुईही हसली, पदर तोंडाशी धरून. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तो वाईट माणूस नव्हता, असं मला तेव्हाही वाटलं, आताही वाटतं. त्याने लगेच एकाला उठवून आम्हाला खुर्च्या दिल्या आणि आत चहा सांगितला.

आत खाटेवर एक म्हातारा माणूस टीव्ही बघत होता. आवाज बंद केलेला. तेच माझे फुवा. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते आणि त्यांच्याकडे नीट बघायचंही धाडस होत नव्हतं. त्यांनी मान न वळवता विचारलं, "पानी दिनं का?" ते कुणाला उद्देशून होतं, ते कळलं नाही. त्यांच्या दुसऱ्या बायकोने पाणी आणलं. ती फुईला 'अक्का' म्हणाली आणि तिच्या पाया पडली. फुईने बिबड्यांचा डबा तिच्याकडे दिला. दोघी बराच वेळ डब्याच्या झाकणाबद्दल बोलत राहिल्या, घट्ट आहे, सैल आहे.

भूतानला जायचंय म्हटल्यावर दिराला मजा वाटली. "वहिनी परदेश चालनी! मंग आमले काय लयशी?" मग जरा थांबून त्याने विचारलं, "नाव तर नही ना हलावाले चालनी तिकडे?"

"नही," फुई म्हणाली.

"मंग काय. कार्ड तुमनंच शे." तो आत गेला. कपाटातून रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा घेऊन आला. घरातल्या सगळ्यांची कार्डं त्यात होती, सुनांची, मुंबईला असलेल्या पोरांची. पत्ते पिसावेत तशी त्याने ती चाळली आणि फुईचं काढलं. फोटोतली बाई तरुण होती आणि घाबरलेली होती. खाली पतीचं नाव.

"पण यानं ध्यान ठेवा," तो म्हणाला आणि मतदानाची तारीख सांगितली. "यंदा भलती चुरस शे. तुमनं मत पाहिजेच. गाडी धाडसू, नेहमीनामायक."

ती तारीख मी ओळखली. त्या दिवशी आम्ही भूतानच्या कमानीपाशी असणार होतो. प्रवासाचा तक्ता मीच टाइप केला होता.

परतीच्या एसटीत फुईने कार्ड रुमालात गुंडाळून ब्लाऊजमध्ये ठेवलं. घरी आल्यावर पप्पांनी विचारलं, "मिळालं?" तिने कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "भाऊ, मी नही येस. तुम्ही जाई या."

पप्पांना आधी समजलंच नाही. समजल्यावर ओरडले. "जिजी, त्या मानूससाठे? ज्यानी तुले आखाजीपासून दारात टाकी दिनं, त्यान्हासाठे?"

"त्यान्हासाठे नही."

"मंग कोनासाठे? त्या दीरसाठे? त्याले तू नको, तुन्हं बोट पाहिजे!"

"मंग बोटच सही," फुई म्हणाली. "काही तरी पाहिजेच ना."

आई गॅस बंद करायला आत गेली. पप्पांनी तिला खरंच कुठेतरी न्यायचं ठरवलं होतं. त्यांच्या परीने त्यांना काहीतरी फेडायचं होतं, हे मला माहीत होतं. फुईलाही माहीत असावं. पण तिला न्यायला येणाऱ्या गाड्या दोन झाल्या आणि दोन्ही एकाच दिवशी, आणि तिने जी निवडली तिच्याबद्दल आम्हाला कुणालाच तिला काही समजावता येईना.

मीही माझं नाव काढून घेतलं. घरात ती एकटी नको, असं कारण दिलं. एजंटने विचारलं, "काकू नही चालन्यात? कागद नही जमनात का?" पप्पा म्हणाले, "हो, कागदांचं राहिलं." मी बाजूला उभी होते.

पप्पा आणि आई गेले. घर एकदम मोठं झालं. फुईने साडीला इस्त्री करून घेतली, मोरपंखी रंगाची, मागच्या दिवाळीची. बिबड्या पुन्हा तळून पाहिल्या, डब्यात भरल्या. दिराचा फोन आला नाही. तो कधीच आधी करत नसे.

मतदानाच्या सकाळी ती अंघोळ करून, केसांना तेल लावून, ओट्यावर जाऊन बसली. डबा शेजारी. समोरच्या काकूंनी हाक मारली, "काय हो जिजी, आज सासरी वाटते!" फुई लाजली. इतक्या वर्षांनी, त्या वयात, ती खरंच लाजली. मी दारातून बघत होते.

जीप नऊच्या आत यायची. साडेनऊ झाले. कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला की ती डबा उचलायची आणि गाडी पुढे गेली की परत ठेवायची.

पप्पांचा फोन आला. मागे गर्दीचा आवाज होता. ते सीमेवरच्या रांगेत होते. "दोन्ही हातांचे ठसे घेतले, फोटो काढला. तुझ्या आईचं मशीनवर उमटेचना, तीनदा धुवून आली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गेली का ती?"

"अजून नाही," मी म्हणाले.

"गाडी नाही आली?"

"येईल."

पलीकडे कुणीतरी त्यांचं नाव पुकारलं आणि फोन बंद झाला.

मला अनोळखी माणसांना फोन करता येत नाही. पिझ्झाचाही करता येत नाही. वाक्य आधी मनात जुळवावं लागतं, आणि समोरचा हॅलो म्हणाला की ते विस्कटतं. फुईच्या मोबाइलमधून मी दिराचा नंबर घेतला आणि मागच्या अंगणात, मोरीपाशी जाऊन उभी राहिले. बराच वेळ नुसती उभीच होते. मग लावला.

"अरे बेटा!" तो मोकळेपणाने म्हणाला. मागे कुणीतरी पंप सुरू करत होतं. "आमना आठे तर बिनविरोध व्हई गयं! माघारनाच दिन समदास्नी समजी लिधं. मतदान कसानं आते? सांगानंच ऱ्हाई गयं वहिनीले. ती वाट तर नही ना देखी ऱ्हायनी?"

मी फोन ठेवला. म्हणजे बरेच दिवस झाले होते. बरेच दिवस त्या गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि आमच्या दारात नवीन इस्त्रीची साडी दोरीवर लटकत होती. पप्पांच्या गाडीतली तिची जागा तेव्हा अजून रिकामीच होती, नाव परत घालता आलं असतं. कार्डही घरात होतं.

मी ओट्यावर आले. ऊन तिच्या पायांपर्यंत पोचलं होतं, तिने पाय आत घेतले होते. डावा हात मांडीवर उपडा ठेवला होता. ते बोट पुढे, स्वच्छ. नखं कापलेली.

"चहा करू?" मी विचारलं.

"नको. ते येतीन तं तिकडेच व्हई."

मी आत गेले. पाणी प्यायले, परत आले. तिला मराठीत सांगायची वाक्यं मी तीन-चार जुळवली. सगळी शाळेतल्या सूचनेसारखी वाटत होती. तिच्याशी मी जन्मभर मराठीतच बोलले आहे आणि ती माझ्याशी अहिराणीत, आणि आम्हा दोघींना कधी काही अडलं नाही. आता अडलं.

कोपऱ्यावर पुन्हा एक गाडी वळली. जीपच होती. फुई डबा घेऊन उठली, पदर सारखा केला, पायरीवर एक पाऊल टाकलं. जीप आमच्या दारावरून गेली, पुढे मिरचीच्या पथारीकडे. आत पोती होती.

ती पायरीवर तशीच उभी राहिली. मी तिच्या हातातून डबा घेतला. माझ्या तोंडून जे आलं, ते सासरच्या ओट्यावरच्या तिच्या दिराचं होतं हे माझ्या लक्षात आलं, पण दुसरं काही नव्हतं माझ्याकडे.

"फुई," मी म्हणाले, "आज मतदान नही शे."