आत्याचा मान

युरोपातल्या कुठल्याही देशात जन्म, लग्न किंवा मरण ऑनलाइन नोंदवायचं असेल, तर सिंगापुरातल्या बेडोक भागातल्या माझ्या घरमालकांइतका जाणकार माणूस पृथ्वीच्या पाठीवर सापडायचा नाही. स्वतः त्यांनी युरोप पाहिलेला नाही. अकाउंटंट म्हणून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून एकटे. मी युनिव्हर्सिटीत संशोधन करतो आणि त्यांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत राहतो. लोक सकाळी पेपर वाचतात, काका एस्टोनिया-फिनलंडच्या सरकारी वेबसाइट वाचतात आणि ते ज्ञान बाजारभर वाटत हिंडतात. एकदा मासेवालीला त्यांनी पोर्तुगालचा कारभार इतका समजावला, की ती शेवटी म्हणाली, "अंकल, यू वॉन्ट फिश ऑर नॉट?" इथल्या सरकारी वेबसाइटचा स्वतःचा पासवर्ड मात्र दर वेळी विसरतात आणि मला हाका मारतात. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

या वेडाचं मूळ डेन्मार्कात होतं. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न करून तिथे स्थायिक झालेली. यंदा तिला मुलगी झाली आणि काकांनी बारशाचा ध्यास घेतला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण डॅनिश जावयाला बहीणच नाही. "तो चार्ज आता माझ्याकडे," असं काकांनी जाहीर केलं. लिटिल इंडियातून झबलं-टोपडं आणलं. रोज संध्याकाळी पाळणा म्हणायचा सराव सुरू झाला, तोही इतका बेसूर, की शेजारची चिनी आजी खिडकी लावून घ्यायची.

तारीख ठरायची होती, तेवढ्यात जित्याची खोड आडवी आली. काकांनी नाव नोंदवायचं सरकारी पान शोधून मुलीला पाठवलं, कुठे काय भरायचं तेही सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, मीरा नाव लागलंसुद्धा! किती सोपं होतं. आता बारसं कशाला? एवढ्या थंडीत तुम्ही उगाच दगदग करू नका."

"हो ना, तिथे सगळं घरबसल्या होतं," काका म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला. 'मला यायचंय' एवढं म्हणायला काय जात होतं?

मग ते म्हणाले, "जरा फोन तिच्या कानाशी धर." आणि फोन ओठांजवळ नेऊन काहीतरी पुटपुटले. कानात सांगायचं नाव मोठ्याने कोण सांगतं?

"बाबा, आवाज येत नाहीये."

"असू दे," काका म्हणाले.

पाळणा आता ऐकू येत नाही, आणि संध्याकाळी मला तो बेसूर आवाज हवासा वाटतो. झबलं अजून सोफ्यावरच आहे. एव्हाना ते मीराला लहान होत असणार, पण आम्ही दोघंही तो विषय काढत नाही.