ठिगळकाका आणि भरगच्च पेपर

ऑफिसात तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत, पाठीमागे ठिगळकाका. हे त्यांना ठाऊक होतं. नाव चपखल आहे, असंच त्यांचंही मत होतं.

पानावर बातम्या लागल्या, जाहिराती लागल्या, तरी कुठेतरी बोटभर जागा मोकळी राहतेच. तिथे काका चार ओळी लिहून बसवायचे. मांजर पायांवरच कसं पडतं. चाकूची धार कशी टिकवावी. खाली कुणाचं नाव नाही. घरी कुणी विचारलं तर "पान बघतो" एवढंच ते सांगत आले होते.

मग एकेका जाहिरातदाराने काढता पाय घेतला. सायकलवाला गेला, चष्मेवाला गेला. तिसऱ्या पानाला भगदाडं पडू लागली. पानं लावणाऱ्या बाई हाक मारायच्या, "काका, अर्धं पान आ वासून बसलंय. टाका काहीतरी त्याच्या तोंडात."

काका टाकायचे. उभ्या नोकरीत नव्हतं एवढं काम आता हाताला होतं. पेपर बुडत होता आणि काकांना मान वर करायला फुरसत नव्हती.

शुक्रवारी संपादकांनी बोलावलं. ते वयाने लहान. खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले.

"पुढच्या महिन्यापासून आठाची चार पानं करायचं चाललंय. चार पानांत मोकळी जागा उरणार नाही, काका."

"म्हणजे मीही उरणार नाही."

"अजून नक्की नाही. पण घरी कल्पना देऊन ठेवा."

घरी निराळंच शिजत होतं. बायको इस्पितळात नर्स. वॉर्डात उभं राहून राहून तिचे गुडघे कामातून गेले होते. सोमवारी ती राजीनामा देणार होती.

"तुमचं बरं चाललंय, मग मी कशाला मरमर करू?" ती म्हणाली. "पेपर बघा की, कसा भरगच्च येतो हल्ली. पूर्वी नुसत्या जाहिराती असायच्या."

काकांनी घास गिळला. शनिवारही तसाच गेला.

रविवारी सकाळी ती पेपर उलगडून बसली, तसे काका समोर येऊन बसले. त्यांनी आपली बशी उचलली आणि तिसऱ्या पानावरच्या मांजरावर ठेवली.

"अहो, काय करताय?"

"हे मी लिहिलंय." मग तिची बशी उचलली. "हेही." मग चष्म्याचं घर, साखरेचा डबा. शेवटी भांडी संपली, तेव्हा उरलेल्या चौकटीवर त्यांनी तळहात ठेवला. पानावर वाचण्याजोगं फारसं उरलं नाही.

"इथे सगळीकडे जाहिराती असायच्या," काका म्हणाले. मग आठाची चार पानं कशी होणार, तेही सांगितलं.

तिने चष्म्याचं घर जरा सरकवून खालचा मजकूर पाहिला.

"ते गुडघे शेकायचं आलं होतं, तेही तुम्हीच?"

"मीच."

"काडीचा फरक पडला नाही हो त्याने."

काका हसले. हात मात्र पानावरून उचलला नाही.

"उद्या डबा दोघांचा करते," ती म्हणाली. "गुडघ्यांना काय, सांगितलं की ऐकतात. राजीनाम्याचं पुढे बघू."

"आणि माझं?"

"तुमचंही बघू. आधी ती बशी उचला. मांजराचं अर्धंच वाचून झालंय."