कोरी फाईल

केरीच्या बर्फाच्या कारखान्यात मी वायरमन. कृष्णनाथबाब तिथला कॉम्प्रेसर सांभाळायचे. काही बिघडले की संगणकाच्या काळ्या पडद्यावर ओळ उमटायची: तेल कमी, दाब जास्त. ओळ दिसली की बाब हातातला चहा तसाच ठेवून उठायचे.

मॅनेजर परेशला त्या ओळींची लाज. "पावणे येतत, ह्या घाण दिसता," म्हणाला, आणि ओळी पडद्यावर न येता एका फाईलीत जातील अशी सोय करून बसला. पडद्यावर तेरेखोलचा फोटो. बाबांना फर्मान निघाले, रोज सकाळी फाईल उघडून बघायची. डोंबलाची हुशारी.

बाबांची रीत जुन्या डिझेल इंजिनापासूनची. सकाळी यंत्र बंद करायचे, पुसायचे, फूल वाहायचे, अगरबत्ती ओवाळून मगच चालू. संगणकालाही तेच. परेशने संगणकाला दिलेल्या आज्ञेत फाईलीच्या नावाआधी बाणाची खूण (>) दिली होती एकच, म्हणजे प्रोग्राम नव्याने सुरू झाला की जुनी फाईल पुसून कोरी. दोन बाण दिले असते तर जुन्याखाली नवे साचत गेले असते. पण एवढे बघतो कोण? बाब पूजा आटपून फाईल उघडायचे, कोरी बघून निवांत व्हायचे.

तेल आटत होते, ओळी येत होत्या, सकाळी पुसल्या जात होत्या. एका दुपारी कॉम्प्रेसर जाम झाला. मुरगावहून सुटा भाग येईपर्यंत कारखान्याच्या थंड खोलीत ठेवलेले बांगडे कुजले. दार उघडले आणि मला तिथेच उलटी झाली.

मालकांसमोर परेश म्हणाला, "ह्या बाबानच सगळा पुसून टाकल्यान. पूजा करता म्हणे." मी बाणाचे सांगायला गेलो, तर मालक म्हणाले, वायरमनाने वायरी बघाव्यात. परेश खाली मान घालून मोबाईल चाळत होता, निर्लज्ज मेला. आणि बाबांनी त्याच्यासमोर हात जोडले. म्हणाले, "चुकलंय." मला दोघांचीही किळस आली. बाबांना त्याच दिवशी काढले.

परवा तिन्हीसांजेला त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या पत्नी गंगावहिनी तापाने पडल्या होत्या. "तुळशीकडे दिवो लावा," त्या म्हणाल्या. बाब जागचे हलले नाहीत.

"माझ्या हातान नको गो," ते म्हणाले. "माझ्या पूजेन बांगडे कुसले."

मी पुन्हा बाणाचे समजावले. त्यांनी ऐकून घेतले, मान हलवली. मग वहिनीच भिंतीला धरत उठल्या आणि दिवा लावून आल्या.