वहीतलं रिकामं वर्तुळ

रोहन, रूथ,

परवा व्हिडिओ कॉलवर रोहन म्हणाला, "आजी, मी आता देव मानत नाही. रागावू नकोस." पाठोपाठ तीन मुद्दे पाठवले, नंबर घालून. नंबर घातले ते मला आवडलं. रागावले नाही. उत्तर फोनवर देणार होते, पण फोनवर मी घाईत बोलते, आणि याच विषयावर घाईत बोलून एकदा मी मोठी चूक केली आहे. म्हणून लिहिते. रूथ, हे तुझ्यासाठीही.

कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर मी दुभाषाचं काम करायचे. वक्ता इंग्रजीत दोन-तीन वाक्यं बोलून थांबतो, मग दुभाषी तेच मराठीत सांगते. नियम दोनच. वक्ता 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. आणि पदरचं काही घालायचं नाही. ऐकताना मी वहीत खुणा करत असे. बाण म्हणजे 'म्हणून'. रिकामं वर्तुळ म्हणजे 'मला माहीत नाही'.

असंच एका वर्षी केरळचे जोसेफ सर आले होते, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. शनिवारी अमरावतीत, रविवारी दुपारी अकोल्याला व्याख्यान. विषय, देव न मानणाऱ्यांचे प्रश्न. सकाळी नाश्त्याला त्यांनी मला बजावलं, "मॅडम, विरोधकांचा मुद्दा मांडताना आवाज बारीक करू नका. त्यांनाही वाटलं पाहिजे, आपण यापेक्षा चांगलं बोललो नसतो."

शनिवारी अमरावतीत राजापेठेतला हॉल भरला होता. पहिल्याच रांगेत वानखडे सर. आमच्याच कॉलेजात फिजिक्स शिकवलेले, पक्के नास्तिक, आणि माझ्याशी तीस वर्षं भांडत आलेले.

रोहन, तुझे मुद्दे तिथे जवळजवळ याच क्रमाने आले. पहिला, ख्रिस्ती घरात जन्मलात म्हणून ख्रिस्ती, दुसऱ्या घरात जन्मला असतात तर दुसरे काही. जोसेफ सर म्हणाले, "खरं आहे. पण पाढेही मी माझ्या गावच्या शाळेत शिकलो. एखादी गोष्ट कुठे शिकलो यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही. ते वेगळं तपासावं लागतं, आणि प्रत्येकाने तपासावं. नास्तिक घरात वाढलेल्यानेही."

दुसरा, विज्ञानाने सगळं सांगितलं, आता देवाचं काम काय? सरांनी सकाळी मला संत्र्याबद्दल खोदून खोदून विचारलं होतं, ते इथे वापरलं. "जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम केलं की तो डोळा कसा जीव धरतो, हे वनस्पतिशास्त्र सांगेल. पण पाच-सहा वर्षांनी फळ देणारं झाड माणूस आज कुणासाठी लावतो, हे ते सांगणार नाही. दोन्ही उत्तरं खरी. एकाने दुसरं खोडलं जात नाही."

तिसरा, धर्माच्या नावावर झालेली हिंसा. इथे त्यांनी बचाव केला नाही. "हे मान खाली घालून ऐकायचं. कुणी किती मारले याची तुलना करत बसायचं नाही." वानखडे सरांनी वळून मागे बघितलं, हा माणूस आपल्याच बाजूचा की काय म्हणून.

मग मागून एक माणूस उठला. मोर्शीचे सुधाकरभाऊ, संत्र्याचे बागायतदार, वानखडे सरांचे जुने विद्यार्थी. माईक न घेताच बोलले.

"माही पोरगी एकोणीस वर्साची होती. आठ दिवस ताप आला अन् गेली. तिची माय तवापासून कोनाशी बोलत नाही. तिले काय सांगू मी? तुमचा देव होता तं झोपला होता काय?"

मी ते इंग्रजीत सांगितलं.  जोसेफ सर म्हणाले, "मला माहीत नाही. कुणी याचं झटपट उत्तर दिलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी मानतो तो देव लांबून बघत बसला नाही. मित्राच्या कबरीपाशी येशू रडला. एवढंच मला ठाऊक आहे."

वहीत मी वर्तुळ काढलं. समोर अख्खा हॉल, पहिल्या रांगेत वानखडे सर. आपला माणूस हरतो आहे असं मला वाटलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "देवाची काहीतरी योजना असते. चांगली फुलं तो लवकर खुडतो."

सुधाकरभाऊ माझ्याकडे बघत राहिले. "फुलंच पाह्यजे होती तं बाग ने म्हना ना सारी. पोरगी काहून?" आणि निघून गेले.

जोसेफ सरांना मराठी येत नव्हतं. टाळ्या झाल्या, आभार झाले. चहाच्या टेबलाशी वानखडे सरांनी मला गाठलं.

"मॅडम, तुमचा पाहुणा 'मला माहीत नाही' म्हणाला. तुम्ही फुलं कुठून आणली?"

मी हातातला कप खाली ठेवला.

"आम्हा नास्तिकांचे मुद्दे तुम्ही इमानदारीनं सांगितले. एक शब्द इकडचा तिकडे नाही. बेइमानी केली ती स्वतःच्याच माणसाशी. आता तो सुधाकर हे वाक्य घेऊन बायकोपुढे जाईल. तिला सांगेल की देवानं मुद्दाम नेली."

मी तिथेच जोसेफ सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "मोर्शी किती लांब आहे?"

आमचे पास्टरसाहेब मधे पडले. "मॅडम, झालं ते झालं. सकाळी उपासना आहे, सरांचा संदेश ठेवलाय. चर्चमध्ये माणसं वाट पाहतील."

"संदेश तुम्ही द्या," जोसेफ सर म्हणाले. ऐनवेळी प्रवचन करावं लागल्याबद्दल पास्टरसाहेबांनी मला वर्षभर माफ केलं नाही.

रविवारी सकाळी वानखडे सरांनी गाडी काढली. "एक नास्तिक दोन ख्रिस्ती माणसांना रविवारी चर्च चुकवून नेतोय. माझ्या मित्रांना हे सांगू नका."

सुधाकरभाऊ अंगणातच होते. त्यांची बायको, इंदूताई, ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. बसा कुणी म्हटलं नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. "भाऊ, काल मी चूक केली. फुलांचं वाक्य यांचं नव्हतं, माझं होतं. यांच्या तोंडात मी ते घातलं."

"मंग हे काय म्हनले होते?"

मी वही उघडली, वर्तुळ दाखवलं आणि शब्दाला शब्द सांगितलं. मला माहीत नाही. झटपट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मित्राच्या कबरीपाशी येशू रडला.

सुधाकरभाऊ खाली बघत म्हणाले, "हे बरं हाय. वर्सभर जो येते तो सांगूनच राहिला. मालूम नाही असं कोनीच म्हनलं नाही."

मग ओट्यावरून आवाज आला. "अन् तो रडला म्हनता, ते खरं?"

मी भाषांतर केलं. जोसेफ सरांनी मान हलवली. "हो. सगळ्यांसमोर."

इंदूताई उठली. पदर सारखा केला. "मले वाटे, मीच रडून राहिली एकटी." मग नवऱ्याकडे वळून, "पाव्हन्यायले उभंच ठेवलं का तुमी? बसवा त्यायले. मी चहा मांडतो."

सुधाकरभाऊ तिच्या पाठीकडे बघत राहिले. तेवढं एका दमात ती वर्षभरात बोलली नव्हती.

चहानंतर त्यांनी बागेत नेऊन एक ओळ दाखवली. मुलीने स्वतः डोळे बांधलेली बारा कलमं. जोसेफ सर एकेका झाडापाशी थांबले. काही बोलले नाहीत, त्यामुळे मलाही काही काम नव्हतं.

परतीच्या वाटेवर वानखडे सर म्हणाले, "मॅडम, माझं मत बदललेलं नाही."

"माझंही नाही."

"पण चूक मान्य करायला इतक्या लांब येणं, हे मुद्दा म्हणून धरावं लागेल. कुठे धरायचं ते ठरवतो."

अजून ठरवत आहेत.

दुपारी अकोल्यात, जुन्या शहरातल्या हॉलमध्ये, व्याख्यानाआधी मी काल काय केलं ते सांगून टाकलं. लोक चुळबुळले. दुःखाचा प्रश्न तिथेही आला. सर म्हणाले, "मला माहीत नाही." मी म्हणाले, "मला माहीत नाही." आणि थांबले. कुणी उठून गेलं नाही.

तेव्हा रोहन, तुझ्या तीन मुद्द्यांवर सरांची उत्तरं वर आहेत, आणि मला ती पटतात. तुला पटतात का, ते तू तपास. चौथा प्रश्न, सुधाकरभाऊंचा, तू विचारलेला नाहीस. पुढेमागे विचारशील. तेव्हा माझ्याकडून फुलं मिळणार नाहीत. देवाची बाजू राखायला निघालेल्या माणसाने निदान त्याच्या नावावर खोटं खपवू नये, एवढं मी त्या दोन दिवसांत शिकले. वय होतं चौसष्ट. उशीरच म्हणायचा.

वानखडे सर दर गुरुवारी येतात, वाद घालतात, चहा पितात. मोर्शीहून दर हंगामात संत्र्यांची पेटी येते, वर इंदूताईच्या अक्षरात माझं नाव. बारापैकी अकरा झाडं उभी आहेत. वही माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे, ते वर्तुळ अजून रिकामं आहे, आणि मी रोज सकाळी प्रार्थना करते.

तुमची,
आजी